संशोधनाचा पुरावा चित्रात दाखवायला कोणतं साधन घ्यावं? (बजेट २००० रु.)

बाळीवेस:
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. आमच्या वस्तीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे घरोघरी टिपं-घागरी भरून ठेवतात. साठवलेल्या पाण्यावर काय उपाय लागू पडतो (क्लोरीन, गाळणी, तोटीचं झाकणबंद भांडं, हात धुणं), यावर जगभर झालेले अभ्यास अधिकाऱ्यांपुढं मांडायचेत. वेळ दहा मिनिटं. गेल्या वेळी ३२ पानी अहवाल दिला होता, पुढच्या खेपेला गेले तर त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला. म्हणून आता चित्र. 'पुराव्याचा नकाशा' म्हणतात तसलं. २००० रुपये एकूण, महिन्याला नव्हे. लॅपटॉप ४ जीबीचा, म्हातारा. काय वापरू?

टॉवेलवाला:
पॉवर बीआय. डोळे झाकून. आमच्या पोरानं कारखान्याचा सगळा हिशेब त्याच्यावर टाकलाय, कुठला माग किती तास बंद होता ते फोनवर दिसतं. त्यासाठी नवा लॅपटॉप घेतला, ६८ हजार. पैसे वसूल.

उजनी_फुल्ल:
नकाशा म्हणताय तर क्यूजीआयएस. फुकट आहे. वॉर्डाच्या हद्दी टाका, पाणी कुठं कधी येतं ते रंगवा. मी आमच्या गावच्या विहिरींचा केलाय, सरपंचानं फ्रेम करून लावलाय.

बाळीवेस:
दादा, तसला नकाशा नाही ओ. आडव्या ओळींत उपाय, उभ्या रकान्यांत परिणाम: जुलाब, मुलांची वाढ, खर्च. चौकटीत गोळे. जितके अभ्यास जास्त तितका गोळा मोठा.

उजनी_फुल्ल:
मग तक्ता म्हणा की. नकाशा म्हणून लोकांना कशाला फसवायचं.

जुळेसोलापूरकर:
चार दिवसांआड येतंय म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडं आज सहावा.

पीएचडी_चालूच:
व्हॉसव्ह्यूअर बघा. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं, फुकट. ओपनअलेक्सवरून शोधनिबंधांची माहिती घ्यायची, हे त्यातल्या शब्दांचं रंगीत जाळं विणून देतं. माझ्या गाईड खूश झाल्या. एकेका निबंधाचे नातेवाईक शोधायला कनेक्टेड पेपर्स, पण फुकटात मोजकीच चित्रं मिळतात.

कडकभाकरी:
ते जाळं मी एकदा बैठकीत दाखवलंय. साहेब म्हणाले, "छान. कोळिष्टक कुठलं?" कुठले शब्द एकत्र येतात ते कळून निर्णय घेणाऱ्यानं करायचं काय? आणि त्याच्यासाठी लागणारं जावा नावाचं सॉफ्टवेअर टाकताना माझ्या लॅपटॉपनं मान टाकली ती टाकलीच. दुरुस्तीचे २४०० गेले. तुमचं बजेट तिथंच संपलं असतं.

पीएचडी_चालूच:
जावाचा दोष नाही, तुमच्या लॅपटॉपचा आहे. आता ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे.

टॉवेलवाला:
म्हणून म्हणतो नवा लॅपटॉप घ्या.

डॉक्टरीणबाई:
बाळीवेस, तुम्हाला हवंय ते बरंचसं तयार आहे. ३आयई नावाची संस्था आहे, २००८ पासूनची, दिल्लीतही ऑफिस आहे. असे नकाशे तिनंच रुळवले. पाणी-स्वच्छता-हात धुणं यावरचा त्यांचा नकाशा फुकट बघता येतो, गोळ्यावर टिचकी मारली की अभ्यासांची यादी उघडते. स्वतःचा बनवायचा तर लंडनच्या एप्पी-सेंटरचं एप्पी-मॅपर आहे. तयार नकाशा एकाच फाइलमध्ये निघतो, पेनड्राइव्हवर नेला तर बैठकीत नेट नसलं तरी उघडतो. मात्र त्याला लागणारी माहिती ज्या एप्पी-रिव्ह्यूअरमध्ये भरतात त्याचं वर्गणीचं बघून घ्या.

पण बाई, एक सांगते. मोठा गोळा दिसला की समोरचा समजतो, उपाय जोरात चालतो. गोळा फक्त सांगतो की अभ्यास भरपूर झालेत. काय निघालं ते त्यात नसतं. क्लोरीनचंच घ्या. २०१८ साली बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्या छापून आल्या. बांगलादेशात हात धुणं, संडास आणि सगळं एकत्र दिलेल्या गटांत जुलाब कमी झाले, नुसत्या पाण्यात क्लोरीनच्या गटात ठाम फरक निघाला नाही. केनियात कुठल्याच गटात जुलाब कमी नाहीत. आणि मुलांची उंची पाणी-स्वच्छतेनं दोन्हीकडं वाढली नाही. वर जुलाब झाले का हे आईला विचारूनच मोजतात. पाण्यात टाकायचं औषध खरं की खोटं हे घरच्यांना कळू दिलं नाही अशा चाचण्यांत फायदा जवळपास नाहीसा होतो. हे सगळं एका गोल गोळ्यात कसं बसवणार?

निकाल दाखवायचा तर वेगळं चित्र लागतं. उपचारांवरच्या चाचण्या गोळा करून तपासणारी कॉक्रेन संस्था आहे, तिचं बोधचिन्ह बघा. त्यातल्या आडव्या रेघा म्हणजे एकेक चाचणी, उभी रेघ म्हणजे 'फरक नाही'. दिवस भरायच्या आत बाळंत होणाऱ्या बायकांना स्टेरॉइड दिलं तर बाळं वाचतात का, त्याच्या चाचण्या आहेत त्या.

उजनी_फुल्ल:
म्हणजे क्लोरीन टाकू नये?

डॉक्टरीणबाई:
असं कुठं म्हटलं मी? आमच्या घरी टाकतो. माझं म्हणणं गोळ्याबद्दल आहे.

कडकभाकरी:
+१. गोळ्याचा आकार म्हणजे निकाल नव्हे.

पीएचडी_चालूच:
हेच म्हणणार होतो. शिवाय रिकामी चौकट म्हणजे उपाय फेल असंही नाही, तिथं कुणी पाहिलंच नाही एवढंच.

जुळेसोलापूरकर:
आत्ता आलं पाणी. रात्रीचे पावणेदोन. मोटार लावून आलो.

टॉवेलवाला:
एजन्सीला द्या, ४० हजारांत डॅशबोर्ड करून देतात. आमच्या व्याह्यांनी केलाय.

बाळीवेस:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरीणबाईंचे जास्त. ३आयईच्या यादीतून आमच्या कामाचे २७ अभ्यास निवडले, झोटेरोत (संदर्भ साठवायचं फुकट साधन) ठेवले. पण चित्रासाठी सॉफ्टवेअर कुठलंच घेतलं नाही. मधल्या मारुतीजवळून पांढरा पुठ्ठा आणि टिकल्यांची पाकिटं आणली. एका अभ्यासाला एक टिकली, सगळ्या एकाच मापाच्या. फायदा दिसला तर हिरवी, नाही दिसला तर लाल, धड कळलं नाही तर पिवळी. खर्च १९० रुपये.

पीएचडी_चालूच:
टिकल्या?? निम्म्या अभ्यासांचा दर्जा कच्चा असेल, तो कुठं दाखवणार?

बाळीवेस:
कच्च्या अभ्यासाची टिकली अर्धी कापली.

डॉक्टरीणबाई:
लाल-हिरव्याचा फरक काही पुरुषांना दिसत नाही. लाल काढून निळी लावा.

बाळीवेस:
(आठ दिवसांनी) झाली बैठक. निळ्या टिकल्या मिळाल्या, चमकीच्या होत्या, चालवल्या. रिक्षात एक पिवळी पडली, कुठल्या चौकटीतली ते यादी काढून जुळवावं लागलं. दहाची वीस मिनिटं झाली. 'पाणी रोज न येणारी वस्ती' अशी एक ओळ शेवटी घातली होती, तिच्यात दोनच टिकल्या, त्याही अर्ध्या. साहेबांनी नेमकं तिथं बोट ठेवलं, "इथं काहीच कसं नाही?" म्हटलं, साहेब, आपणच मोजायला पाहिजे. लिहून घेतलंय त्यांनी, पुढचं बघू. पुठ्ठा ठेवून घेतला.

टॉवेलवाला:
पॉवर बीआयमध्ये टिकली पडली नसती.

कडकभाकरी:
चमकीच्या निळ्या कुठं मिळाल्या? बायकोला पाहिजेत.