सामाजिक संस्थेत तक्रार करायची तर कुणाकडे?

कोरडवाहू

विदर्भातल्या एका आदिवासी तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेत मी होतो. आता नाही. नाव सांगणार नाही, तुम्हीही अंदाज बांधू नका. इथल्या निम्म्या लोकांना आपलीच संस्था वाटेल, आणि मुद्दा तोच आहे.

माझा पगार कागदावर 22 हजार. खात्यातही 22 हजारच यायचे, त्यामुळे फंडरला, म्हणजे निधी देणाऱ्याला, दाखवायचा बँकेचा उतारा अगदी चोख. मग त्याच आठवड्यात 6 हजार 'ऐच्छिक देणगी' म्हणून संस्थेला परत. त्याची 80जीची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, पावती मिळायची. माझं उत्पन्न करपात्रच नव्हतं, त्या पावतीचं मी काय लोणचं घालणार होतो? एका महिन्यात वडिलांच्या आजारपणामुळे देणगी दिली नाही, तर पुढच्या प्रकल्पाच्या प्रस्तावातून माझं पद गायब.

दुसरा विषय सोमवारची आढावा बैठक. आमच्या ताई, म्हणजे संस्थापक, कार्यकर्त्यांना सगळ्यांदेखत झापायच्या. गावपातळीवरच्या एका बाईंनी मुलांच्या वजनाचे आकडे उशिरा भरले, तर त्यांच्या नवऱ्याने त्यांना का टाकलं इथपर्यंत बोलणं गेलं. कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

तक्रार कुणाकडे करायची? विश्वस्त मंडळात ताईंचे मोठे भाऊ, त्यांच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि एक निवृत्त प्राचार्य, जे वार्षिक सभेला येऊन शाल-श्रीफळ घेऊन जातात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलमध्ये 30 वर्षांहून जास्त काम केलेले संशोधक गाएतान मूथू यांनी मे 2018 मध्ये पॅरिसच्या कार्यालयात आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत कामाचा ताण आणि वरिष्ठांकडून न मिळालेला आधार याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर बाहेरच्या सल्लागारांकडून पाहणी झाली. कामामुळे आपली मानसिक किंवा शारीरिक तब्येत बिघडली असं सांगणारे 39 टक्के निघाले. चारचौघांत पाणउतारा, धाकदपटशा, मर्जीतले आणि नावडते, सगळं त्या अहवालात आहे. जगभरच्या कैद्यांच्या हक्कांसाठी भांडणारी संस्था!

माझं म्हणणं एवढंच: कामावरची निष्ठा हीच आपल्या तोंडावरची पट्टी होते. स्वतःच्या पगाराबद्दल बोललात की 'तुझी बांधिलकी कमी पडते'. तुमचे अनुभव सांगा, आणि मी चुकीचा वाटत असेन तर तेही सांगा.

जुनी सायकल

चुकीचे वाटता, म्हणून सांगतो. आम्ही ऐंशीच्या दशकात पूर्णवेळ झालो तेव्हा 300 रुपये मानधन होतं आणि तेही महिनोन्महिने नसायचं. कुणाच्या पडवीत झोपायचं, मिळेल ती भाकरी खायची. शिव्या आम्हीही खाल्ल्या. नेत्याच्याही आणि पोलिसांच्याही. त्यासाठी कुणी समिती मागितली नाही.

आता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून मुलं येतात, दोन वर्षांत बायोडाटा भरतात आणि मुंबईच्या फाउंडेशनमध्ये जातात. त्यांच्या जाण्याने गावात जी पोकळी पडते ती कोण भरतं? तुमच्या त्या ताईच ना? पगार, सुट्ट्या, बढती हवी असेल तर बँकेच्या परीक्षा आहेत. चळवळीला मस्टर लावलं की चळवळ संपली.

देणगी परत घेण्याचं मात्र समर्थन करत नाही. आमच्या वेळी पगारच नव्हता, परत काय घेणार!

मोगरी

सायकलकाका, तुमच्या पडवीत भाकरी कोण भाजत होतं ते पण सांगा.

जुनी सायकल

मोगरीताई, माझी बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. घर तिच्या पगारावर चाललं. हे मी कधीच लपवलेलं नाही.

मोगरी

तेच विचारत होते. घरात एक पक्का पगार असला की दुसऱ्याला मानधनावर राहता येतं. माझ्या घरात तो पक्का पगार मीच आहे.

हिशेबनीस

मी पाच-सहा संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो.

कोरडवाहूंनी सांगितलेला प्रकार सर्रास आहे. का होतो ते समजून घ्या. प्रकल्पाचं अनुदान म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे. कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, जीपची दुरुस्ती, दोन प्रकल्पांच्या मधले कोरडे महिने, यासाठी फंडर पैसे देत नाही. मग जिथे देतो तिथून काढायचे. सगळ्यात सोपी जागा म्हणजे पगाराची ओळ. पगार फुगवून लिहायचा आणि फुगलेला भाग परत घ्यायचा. संस्थेच्या खात्यात तो 'सर्वसाधारण देणगी' म्हणून येतो आणि त्यावर कुणाची अट नसते. ऑडिटरला पावत्या क्रमाने लागलेल्या दिसतात, तो पुढे जातो. मन राजी नसताना दिलेली देणगी ऐच्छिक कशी, हा प्रश्न ऑडिटच्या चौकटीत बसत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे सगळ्यांना 'सल्लागार' दाखवायचं. 10 टक्के टीडीएस कापला की झालं. पीएफ नाही, रजा नाही, आणि बाई बाळंतपणाला गेली की करार संपतो.

तिसरा विश्वस्त

आता चालवणाऱ्यांचीही बाजू ऐका. मी मराठवाड्यातल्या एका छोट्या संस्थेचा विश्वस्त आहे. आमच्याकडे देणगी परत घेत नाहीत, पण पगार उशिरा होतात, हे कबूल. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांवरून 20 वर आला. त्याहून मोठा घाव म्हणजे मोठ्या संस्थेने तो निधी छोट्या संस्थेला द्यायचा नाही. आमच्या तिन्ही प्रकल्पांचा पैसा पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेकडून यायचा. एका फटक्यात बंद. सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामासाठी पैसे देणाऱ्या कंपन्या, येतात ते 5 टक्क्यांच्या वर एक रुपया 'ओव्हरहेड', म्हणजे कार्यालयाचा खर्च, देत नाहीत.

आमच्या अध्यक्षबाईंनी स्वतःचे दागिने गहाण ठेवून दोन महिन्यांचे पगार केले. त्या कधी कुणावर ओरडल्या तर लगेच 'टॉक्सिक'? अ‍ॅम्नेस्टीकडे पाहणी करायला पैसे होते. आमच्याकडे झेरॉक्सला नाहीत.

हिशेबनीस

विश्वस्तसाहेब, दोन दुरुस्त्या. एफसीआरएच्या नियमांत दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरतच नाहीत. संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च वेगळा काढता येतो. म्हणजे तुमच्या फील्डवरच्या माणसाचा पगार त्या 20 टक्क्यांमुळे अडत नाही. आणि सीएसआरचे 5 टक्के हे कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला किती खर्च करावा यासाठी आहेत. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात येत नाही. कंपन्या तो आकडा संस्थांच्या माथी मारतात आणि संस्था मान डोलावतात, कारण पुढच्या वर्षी पुन्हा दारात जायचं असतं.

निधी पुढे देण्याच्या बंदीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यात बऱ्याच छोट्या संस्था बसल्या त्या उठल्याच नाहीत.

क्लाउड नाइन

आयटीत काय वेगळं आहे? इथे पण मॅनेजर मीटिंगमध्ये अब्रू काढतो. जरा जास्तच रडारड चाललीय.

मोगरी

वेगळं हे की तुमचा मॅनेजर अब्रू काढून झाल्यावर समतेची गाणी म्हणायला लावत नाही.

मी खालच्या फळीतली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नवरा वारल्यावर संस्थेत लागले तेव्हा दहावी नापास होते. दुचाकी चालवायला तिथे शिकले, तहसीलदारासमोर बोलायला तिथे शिकले, दहावी पुन्हा तिथेच राहून केली. सासरच्यांनी जमीन नाकारली तेव्हा आमच्या संस्थेच्या दादांनी स्वतः तलाठ्याकडे येऊन फेरफार करून घेतला. हे सगळं खरं.

आणि हेही खरं की फंडरचे पाहुणे आले की मला पुढे उभं करून माझी कहाणी सांगायला लावतात. दर वेळी. नवरा कसा वारला तिथपासून. एकदा सांगितलं की आज नको, आज बरं वाटत नाही. तर दादा म्हणाले, तुझ्यावर 40 गावांचं काम अवलंबून आहे. पाहुणे गेल्यावर कुणी विचारलं नाही की बाई जेवलीस का.

मी सोडणार नाही. मला दुसरीकडे एवढे पैसे कुणी देणार नाही आणि हे काम मला येतं. पण कोरडवाहू जे लिहितात ते रडारड नाही.

तिसरा विश्वस्त

मोगरीताई, हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही पाहुण्यांसमोर असं होतं. त्याकडे मी कधी या नजरेने पाहिलं नव्हतं.

तरी एक प्रश्न राहतोच. विश्वस्तांनी दखल घ्यायची म्हणजे कुणाविरुद्ध? संस्थापकाला काढलं की संस्था बंद. फंडर त्यांच्या नावावर पैसे देतो.

काळा कोट

मुळात तक्रार कुणाकडे, यावर कुणी बोलतच नाहीये. मी वकील आहे, कामगारांच्या बाजूचा.

1978 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात 'उद्योग' शब्दाची व्याख्या रुंद केली. न्या. कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालामुळे धर्मादाय संस्थाही बऱ्याच अंशी औद्योगिक विवाद कायद्याखाली आल्या. 1982 मध्ये संसदेने दुरुस्ती करून त्यांना बाहेर काढलं, पण सरकारने ती कलमं लागूच केली नाहीत. म्हणून इतकी वर्षं संस्थेतला माणूस कामगार न्यायालयाचं दार वाजवू शकत होता. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्थांना व्याख्येतून वगळलं, आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. थोडक्यात, होतं ते दारही अरुंद झालं. चळवळीतल्या कुणी यावर मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.

उरतं काय? माणसं 20 किंवा जास्त असतील तर पीएफ. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्त. विश्वस्तांच्या गैरकारभाराबद्दल हितसंबंधी व्यक्ती अर्ज करू शकते. पण ते विचारतील मालमत्ता आणि हिशेब. अपमानाचा रकाना त्यांच्याकडे नाही.

लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर 2013 चा कायदा संस्थांनाही लागू आहे, त्यात स्वयंसेवी कार्यकर्तीसुद्धा येते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. अंतर्गत समितीवर बाहेरचा एक सदस्य लागतो, तो बहुधा स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला. मी अशा बाई पाहिल्यात ज्या चार कारखान्यांच्या समितीवर बाहेरच्या सदस्य आहेत आणि ज्यांच्या स्वतःच्या संस्थेत समितीच नाही.

जुनी सायकल

संहितेचं मला माहीत नव्हतं. वाचतो.

पण काळे कोटवाले, माझा मुद्दा कायद्याचा नाही. कायद्याने माणसं टिकत नाहीत. एकमेकांवर जीव असला की टिकतात.

कोरडवाहू

काका, माझा जीव होता. अजूनही त्या गावांतून फोन येतात आणि मी उचलतो. म्हणूनच देणगीचे 6 हजार इतके दिवस देत राहिलो. संस्थेलाही ते ठाऊक होतं. ज्याचा जीव नाही तो पहिल्याच महिन्यात 'देणार नाही' म्हणून निघून जातो. पैसे फक्त जीव असलेल्यांकडूनच निघतात. तुम्ही स्वखुशीने कमी घेतलंत, त्याला माझा नमस्कार. माझ्याकडून ते घेतलं गेलं आणि वर पावती दिली. या दोन गोष्टी एकाच नावाने ओळखू नका, एवढंच.

हिशेबनीस

पावत्या जपून ठेवल्यात का?

कोरडवाहू

सगळ्या आहेत. पगार जमा झाल्यापासून दोन-तीन दिवसांतल्या तारखा. माझ्या पावतीच्या मागचे-पुढचे नंबर सहकाऱ्यांचे, रकमाही त्याच प्रमाणात.

काळा कोट

मग धर्मादाय आयुक्तांकडे सुटा अर्ज करू नका, चार-पाच जण मिळून करा. पावत्या आणि बँकेचे उतारे तारखेप्रमाणे समोरासमोर लावा. फंडरशी झालेल्या करारात तुमच्या पदाचा पगार किती लिहिलाय त्याची प्रत मिळाली तर उत्तम. अनुभव प्रमाणपत्र अजून संस्थेकडे अडकलं असेल तर ते आधी मागा. लेखी मागा, रजिस्टर्ड पोस्टाने. अर्ज पडल्यावर ते मिळणार नाही.

तिसरा विश्वस्त

आणि अर्जाची एक प्रत त्या निवृत्त प्राचार्यांनाही पाठवा. मंडळावर असल्याची जबाबदारी त्यांच्यावरही येते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

मोगरी

चार-पाच जण मिळतील का, ते बघा आधी. आमच्याकडे विचारलं तर सगळे मान हलवतील आणि सोमवारी खाली बघून बसतील.