प्रतिहल्ला: तडक की दम धरून? (फोंडा आणि जुवें, १६८३)

अंत्रुजकर
नोव्हेंबर १६८३. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याच्या मर्दनगडाला वेढा घालून बसला होता. तोफांनी तट फोडला, आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी झुंजत राहिले. संभाजी महाराज कुमक घेऊन येताच व्हाइसरॉयला वेढा उठवून दुर्भाटच्या वाटेने माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे हे सगळं 'शौर्य' या एका शब्दात गुंडाळतात, याचा मला मनापासून त्रास होतो. प्रतिहल्ला का यशस्वी होतो हे कोणी सांगतच नाही. हल्ला करणारा सर्वांत कच्चा असतो तो मोर्चा फोडून आत शिरल्याच्या घटकेला. दारूगोळा संपत आलेला, तुकड्या एकमेकींत मिसळलेल्या, तोफा मागे राहिलेल्या, आडोशाला खंदक नाही. तेवढ्यात बगलेवर घाव पडला तर मूठभर माणसं पुरतात. उद्यावर टाकलंत की त्याच कामाला पलटण लागते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तर तशी शिस्तच लावली होती: पुढची रांग फुटली की मागच्या तुकडीने वरच्या हुकमाची वाट न बघता उलटून पडायचं. म्हणून माझं ठाम मत, वेग हाच प्रतिहल्ल्याचा प्राण.

जुवेंकार
फोंड्यानंतर लगेच काय झालं तेही मांडा की! २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून मराठे आमच्या जुवें बेटावर, सांत इस्तेव्हांवच्या किल्ल्यात शिरले. बेट पोर्तुगीजांच्या राजधानीपासून, म्हणजे गोवें शहरापासून, अगदी जवळ. व्हाइसरॉयने तुम्ही सांगता तेच केलं: दुसऱ्याच दिवशी सुमारे ४०० माणसं घेऊन बेट परत घ्यायला धावला. बरीच माणसं गमावली, स्वतः गोळी लागून जखमी झाला, जीव घेऊन परतला. वेग होता ना? समोर किती लोक आहेत याचा अंदाज नव्हता आणि पाठीला पाणी होतं.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धातही तेच. ८ ऑक्टोबरला सिनाईत इस्रायली रणगाडे पुरेसं पायदळ आणि तोफखाना सोबत नसताना इजिप्तवर चालून गेले आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांनी त्यांची दाणादाण उडवली. मग ते थांबले. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची छत्री सोडून पुढे आले, मार खाल्ला, आणि १५ च्या रात्री इस्रायलने सुएझ कालवा ओलांडला. दम धरला म्हणून जमलं.

डिचोलीकर
दोघेही राखीव दळाबद्दल गप्प कसे? हाताशी ताजी माणसं नसतील तर वेग कशाच्या जोरावर आणि दम तरी कशाच्या? दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोसमोर सोव्हिएत सेनापती झुकॉव्हने आघाडीवरून ओरड होत असतानाही ताजं सैन्य थेंबाथेंबाने वापरलं, बाकीचं मागे ठेवलं, आणि ५ डिसेंबर १९४१ पासून थंडीने गारठलेल्या, रसद तुटत आलेल्या जर्मनांवर सोडलं. समोर माणसं मरत असताना मागची तुकडी न सोडणं याला सेनापतीचं काळीज लागतं.

अंत्रुजकर
जुवेंकार, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. इजिप्तने कालवा ओलांडला ६ तारखेला. ८ तारखेपर्यंत त्यांचं पायदळ क्षेपणास्त्रं रोवून बसलं होतं. हा तडक हल्ला नव्हेच. उशीरही झाला आणि तयारीही नाही. जुव्यातही किल्ला रात्रीच हातचा गेला होता. जर्मनांच्या शिस्तीचा दुसरा भाग हाच: पहिला धक्का हुकला की तसाच पुन्हा द्यायचा नाही, तोफखाना आणा, टेहळणी करा, मग चढा. मधल्या वेळेत गेलेला मरतो.

जुवेंकार
बाब, कागदावर हे सोपं आहे. धुरात उभ्या असलेल्या सुभेदाराला कसं कळणार की शत्रू अजून विस्कळीत आहे की रोवून बसलाय? 'वेग हाच प्राण' असं शिकवलंत तर तो प्रत्येक वेळी धावणारच. टेहळणीशिवाय धावणं म्हणजे आपली माणसं कापायला देणं, या मतावरून मी हलणार नाही.

सत्तरीची लेक
यशस्वी प्रतिहल्ला कुठे थांबवायचा यावर कोणी बोललंच नाही. मॉस्कोच्या विजयानंतर जानेवारी १९४२ मध्ये स्टॅलिनने झुकॉव्हचं न ऐकता सबंध आघाडीवर चढाई पसरवली. ताकद पांगली, हाती फारसं लागलं नाही. आणि महाराज? जुव्यानंतर डिसेंबरात मराठी फौजा गोव्याच्या साष्टी-बारदेश या पोर्तुगीज मुलखात पसरल्या, राजधानी टेकीला आली. जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोगली फौज घेऊन रामघाटाने उतरला. महाराजांनी गोवें हाताशी आलेलं सोडून माघार घेतली.

अंत्रुजकर
ताई, ती माघार मलाही सलते. पण शाहआलम पाठीवर असताना साष्टीत गुंतून राहिले असते तर घाटाकडची वाट बंद झाली असती. मी असतो तर मीही निघालो असतो.

सत्तरीची लेक
मी नसते निघाले. चार दिवस तरी गोवें शहरावर जोर लावला असता.