प्रवाळबेटावर गोडं पाणी कुठून येतं? तिथं बोअर घेतात का?

मांजराकाठ: किरिबाटी देशातलं तारावा, तुवालूतलं फुनाफुटी ही प्रशांत महासागरातली प्रवाळबेटं. जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर, ना नदी ना ओढा. आपल्याकडं ६०० फुटांवरही बोअर कोरडा जातो. मग तिथं प्यायचं पाणी येतं कुठून?

गोदाकाठ: भाऊ, तिथं खोल गेलं की खारंच लागणार. जमीन प्रवाळाच्या वाळूची, पडलेला पाऊस सरळ आत मुरतो. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, म्हणून हे गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. मधे जाड, कडेला पातळ. हिशेबानं समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडं पाणी, तर खाली चाळीस हात. पण लहान बेटावर एवढं साठत नाही. साधारण १५ ते २५ मीटरवर पोकळ्यांचा जुना चुनखडक लागतो आणि भरती-ओहोटीनं त्यात गोडं-खारं घुसळून निघतं.

म्हणून आड उथळच. एका जागी मोटर जोरात चालवली की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि उतरायला फार दिवस घेतं. तारावात बोनरिकीला त्यासाठी भोकं पाडलेल्या पायपा पाण्याच्या पातळीच्या जरा खाली आडव्या पुरल्यात. उपसा लांबवर वाटला जातो, दुधावरची साय काढावी तसा.

तेरणेचं पाणी: जोडीला पत्र्यावरचं पाणी. ५० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० लिटर. गळती धरून ४०० हाती येतं. पहिल्या सरीचं पाणी सोडूनच द्यायचं, त्यात पक्ष्यांची विष्ठा असते. आणि एक ध्यानात घ्या: एल निनोत आपण ढगाकडं बघत बसतो तेव्हा किरिबाटीत धो-धो पडतो. त्यांचा दुष्काळ ला निनात, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी उलट थंड पडतं तेव्हा. तुवालूत २०११ ला, किरिबाटीत २०२२ ला आणीबाणी जाहीर करावी लागली.

मांजराकाठ: पिकतं काय मग? आणि शोषखड्डे चालतात का तिथं?

गोदाकाठ: नारळ, फणसासारखं ब्रेडफ्रूट, केवड्याच्या जातीची फळं. कंद म्हणजे बाबाई, आपल्या अळूच्या कुळातलं. पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, रोपाभोवती पानांची बिनबुडाची टोपली, तीत पालापाचोळा भरत राहायचं. मोठी लाट खड्ड्यात शिरली की कंद सडतात आणि मीठ धुऊन जायला पुढचे चांगले पाऊस लागतात. नारळाचा कोवळा फुलोरा बांधून, रोज सकाळ-संध्याकाळ टोक कापून नीराही काढतात.

शोषखड्ड्याचं मात्र आपलं गणित तिथं लावू नका. वाळू भरड, पाणी मीटर-दीड मीटरवर. मैला गाळला जाण्याआधीच आडात पोचतो. डुकरांचे गोठेही आडापासून लांबच हवेत. बोनरिकीची उपशाची जमीन म्हणूनच राखीव ठेवलीय.

तेरणेचं पाणी: खोल बोअरचं विचारलं होतं ना? मार्शल बेटांतल्या एनिवेटाक या प्रवाळबेटावर १९५२ साली संशोधनासाठी घेतला होता. सुमारे १४०० मीटर चुनखडक, आणि त्याखाली आपल्यासारखाच काळा पाषाण, बुडालेल्या ज्वालामुखीचा.