भाचीचा पहिला परदेश दौरा, आयोजक म्हणतो टुरिस्ट व्हिसावर या

कुर्टीकर:
नमस्कार मंडळी. माझी भाची 20 वर्षांची, गोव्यात फोंड्याला असते, गाणी स्वतः लिहिते, कोंकणी-मराठी मिसळ, पॉप म्हणा नायतर काय पण म्हणा, खाली घुमट, म्हणजे आमचं मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य, वाजतं आणि वर सिंथेसायझर. चवथीला आरतीला बसवली तर तोंड उघडायची नाही, आता तिच्या गाण्यांवर लोक रील करतात. तर यूकेतल्या एका आयोजकाचा फोन आलाय. सप्टेंबरात लंडन, लेस्टर, स्विंडन, आठ दिवसांत सहा कार्यक्रम, येताना दुबईला एक. म्हणतो टुरिस्ट व्हिसा काढा, एअरपोर्टवर कोणी विचारलं तर मावशीकडे आलेय म्हणून सांगा, पैशांचं इथे आल्यावर बघू, घरचंच काम आहे. बहीण म्हणते जाऊ दे तिला, असा चान्स परत येत नाही. भावजी म्हणतात आधी कागद दाखव. मी बँकेत आहे म्हणजे मला सगळं कळतं असा घरी समज, म्हणून मला मधे घातलाय. पोरगीने बॅग माळ्यावरून काढून पुसून पण ठेवली. कोणी कलाकारांना घेऊन बाहेर गेलं असाल तर सांगा, त्या माणसाला काय काय विचारू?

म्हापशाचा साउंडवाला:
दादा, मी बँडांबरोबर बऱ्याचदा बाहेर गेलोय, एकदा तोंडावर आपटलोय पण, ते पुढे सांगतो. पहिली गोष्ट, यूकेला व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे त्या टुरिस्ट व्हिसावरच, गाणं चुकीचं नाही, खोटं बोलून गाणं चुकीचं. 2024 च्या जानेवारी अखेरपासून साध्या व्हिजिटर व्हिसावरच पैसे घेऊन कार्यक्रम करता येतो, वेगळा व्हिसा लागत नाही, पण कार्यक्रम निघायच्या आधी ठरलेले पाहिजेत, तिथल्या संस्थेचं निमंत्रणपत्र पाहिजे, अर्जात तसं लिहायला पाहिजे आणि पोचल्यापासून 30 दिवसांत ते काम संपलं पाहिजे. शिवाय ही खरंच गाण्यावर जगते हे दाखवायचं, म्हणजे आधीच्या कार्यक्रमांची पोस्टर, पेपरातली कात्रणं, मानधन जमा झाल्याची नोंद. 18 च्या वर आहे ते बरं. म्हणजे बघा, जे सरळ होतं तेच हा माणूस वाकडं करून सांगतोय. का? कारण निमंत्रणपत्र दिलं की त्याचं नाव कागदावर येतं. मावशीकडे आलेय म्हणून सांगितलं आणि ऑफिसरने फोनवर त्याच कार्यक्रमाचं पोस्टर काढलं की संपलं, परत पाठवतील आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागेल. विशीतल्या पोरीला हे ओझं कशाला.

आता माझं. एकदा "राहायची सोय आमची" म्हणून गेलो, तर सोय म्हणजे कोणाच्यातरी हॉलमधे चार गाद्या, ड्रमर बिचारा कुत्र्याशेजारी झोपला आणि सकाळी त्या कुत्र्यालाच राग आलेला. मानधनाचं विचारलं तर म्हणे तिकिटं कमी खपली. तेव्हापासून अर्धे पैसे आधी खात्यात, मग विमानाचं तिकीट. हॉटेल, जेवण, गाडी, कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे सगळं ईमेलवर लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवरचा व्हॉइस मेसेज नको.

दुबईचं वेगळं. तिथे कलाकाराचं परमिट आयोजकाने काढायचं असतं. परमिटची कॉपी हातात आली नाही तर स्टेजवर चढू नका, तिथे "बघू" चालत नाही.

स्विंडनहून:
कुर्टीकर बाब, स्विंडनमधे आमचे गोंयकार भरपूर, हॉल भरेल, त्याची काळजी नको. सांभाळायचं ते टॅक्सचं. बाहेरच्या कलाकाराला दिलेली रक्कम, त्यात विमानाचं तिकीट हॉटेल पण धरून, वर्षात 12,570 पौंडांच्या वर गेली की आयोजकाने 20 टक्के कापून इथल्या सरकारला भरायचे असतात. पहिल्या दौऱ्याला एवढे कोण देतंय, म्हणून कोणी "टॅक्स कापला" म्हणत कमी पैसे हातात ठेवले तर कसला टॅक्स, कागद दाखव, म्हणून विचारा. आणि गाणी तिची स्वतःची आहेत ना? मग आयपीआरएसची, म्हणजे गाणी लिहिणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या भारतातल्या संस्थेची, मेंबर करून ठेवा. कार्यक्रमात कुठली गाणी म्हटली ती यादी इथे पीआरएसकडे, म्हणजे तसलंच काम करणाऱ्या इथल्या संस्थेकडे, गेली की स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टी तिच्यापर्यंत येते. थोडीच असते, पण तिची असते.

हॉल किती मोठा ते पण विचारा. पहिल्याच फेरीला 800 खुर्च्यांचा हॉल घेऊन 150 माणसं बसवली तर पोरीचं मन खचतं.

कुर्टीकर:
हॉलवरूनच तर घरात भांडण. तिला मोठाच पाहिजे. अमेरिकन पॉप गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोची फॅन आहे, खोलीत पोस्टर आहे.

स्विंडनहून:
मग तिचंच उदाहरण द्या की. 2021 मधे पहिला अल्बम जगभर गाजला, पाहिजे तर स्टेडियमची स्वप्नं बघता आली असती, पण 2022 चा पहिला दौरा तिने मुद्दाम थिएटरांत काढला, एप्रिलात पोर्टलँडला सुरू आणि जुलैत लंडनला संपला. पायऱ्या गाळायच्या नाहीत अशा अर्थाचं ती तेव्हा बोलली पण होती. मोठे अरिना 2024 च्या दौऱ्यात घेतले. पोस्टरखालीच बसवून सांगा.

जुना श्रोता:
केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज 1977 पासून व्हॉयेजर यानावर बसून अंतराळात हिंडतोय. फोंडा तालुक्यातला सगळ्यात लांबचा दौरा, व्हिसा नाही की मानधन नाही. 😄

गाणं शिकवते, मडगाव:
हसले हो काका. पण कुर्टीकर दादा, आठ दिवसांत सहा हे मला खटकतं. सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे रात्री आठला ती स्टेजवर चढते तेव्हा तिच्या अंगाला मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. त्यात विमानातली हवा एकदम कोरडी, गळा आधीच खरखरलेला. उतरल्याच्या दिवशी कार्यक्रम नको, लागोपाठ दोनच्या वर नको, मधे एक दिवस पूर्ण गप्प. गप्प म्हणजे कुजबुज पण नाही, आवाज बसल्यावर कुजबुजून बोललं तरी ताण पडतोच, पोरींना हे सांगून माझा गळा बसतो. कार्यक्रम झाल्यावर लोक सेल्फीला घेरतात आणि त्या गोंगाटात ही तासभर ओरडून बोलणार, खरा गळा तिथे जातो, गाण्यात नाही. वाफेचं छोटं मशीन आणि पाण्याची बाटली द्या. आवाज बसलाच तर कार्यक्रम रद्द करायचा हक्क तिचा, हे पण त्या कागदात घाला.

म्हापशाचा साउंडवाला:
एक विसरलो. घुमट घेऊन जाणार आहे का? कातडं कसलं?

कुर्टीकर:
आजोबांचं घुमट आहे, घरातलं. कातडं जुनं आहे एवढंच माहीत.

म्हापशाचा साउंडवाला:
जुनं म्हणजे घोरपडीचं असणार. ते घरातून हलवूच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घोरपड येते, परदेशी न्यायला तर आंतरराष्ट्रीय बंदी पण आहे, कस्टम्सने धरलं तर दौरा बाजूला आणि केस पुढे. 2019 मधे गोवा सरकारने घुमट राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते बकऱ्याच्या कातड्याचं धरून. आणि मातीचं भांडं ते, लगेजच्या पट्ट्यावरून एक कोसळलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, तसं झालं तर पोर जन्मभर विसरणार नाही. घरी नीट रेकॉर्ड करून पॅडवर टाका, म्हणजे दाबलं की तो आवाज वाजवणाऱ्या यंत्रावर. सिंथ आणि लॅपटॉप नेताय त्याचं मात्र जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नायतर येताना बाहेरून विकत आणलं म्हणून ड्यूटी मागतील. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे तिथे, पिना वेगळ्या, अॅडाप्टर दोन-तीन घ्या, एक हरवतोच.

कुर्टीकर (बारा दिवसांनी):
सगळ्यांना देव बरें करूं. तुमचं सगळं एका मेलमधे घालून पाठवलं. पहिलं उत्तर आलं, "इतके प्रश्न विचारणाऱ्या कलाकाराबरोबर आम्ही काम करत नाही". बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जेवायला पण भावजींनी वाढलं. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाचं निमंत्रणपत्र आलं, लेटरहेडवर, सहीसकट. सहाचे चार झाले, लंडनचा हॉल 200 चा. परमिटचं विचारल्यावर दुबईचा विषय त्याने परत काढलाच नाही, भाची त्यावर रडली, मी कानाडोळा केला. अर्धे पैसे अजून आले नाहीत, ते आल्याशिवाय तिकीट काढणार नाही हे तिनेच त्याला फोनवर सांगितलं, मी नुसता बाजूला बसलेलो. घुमट काल पडवीत बसून रेकॉर्ड केलं, आजोबांनीच वाजवलं. मधेच कावळा ओरडला. परत घेऊया म्हटलं तर म्हणते नको मामा, कावळा राहू दे.