मराठा लाइट इन्फन्ट्रीची परंपरा नेमकी कोठून सुरू होते?

प्रश्न (कागदपत्रे_जुनी):
माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या ‘५ मराठा लाइट इन्फन्ट्री’त शिपाई होते. घरात सर्वजण ही शिवकाळापासून चालत आलेली पलटण असल्याचे सांगतात. वाचनात मात्र स्थापनेचे साल १७६८ आणि स्थापन करणारी ईस्ट इंडिया कंपनी असे आढळते. मग ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणगर्जना आणि ४ फेब्रुवारीचा मराठा दिन यांची संगती कशी लावावी?

उत्तर १ (दप्तरखाना):
साल बरोबर आहे. मुंबई बेटावरील आपल्या ठाण्यांच्या रक्षणासाठी कंपनीने ज्या देशी पलटणी उभ्या केल्या, त्यांतूनच पुढची ‘जंगी पलटण’ आणि ‘काळी पाचवी’ या दोन सर्वांत जुन्या बटालियन निघाल्या. याच मुंबई फौजेने पुढे पेशव्यांशी युद्धे केली, त्यामुळे शिवकालीन सैन्याशी थेट वारसा सांगता येत नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. ‘लाइट इन्फन्ट्री’ (हलके पायदळ) हा किताबही मिरवण्यापुरता नव्हे: १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथील गढी मूठभर शिपायांनी महिनोन्‌महिने वेढ्यात राखली आणि त्याबद्दल १८४१ मध्ये पाचव्या पलटणीला, म्हणजे याच ‘काळी पाचवी’ला, तो मिळाला. १९०३ च्या पुनर्रचनेत पलटणींच्या नावांत ‘मराठा’ शब्द आला. १९२२ मध्ये त्या एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि बेळगाव हे तिचे केंद्र झाले, ते आजही आहे.

उत्तर २ (घाटमाथा):
वरील माहिती योग्य असली तरी तिच्यावरून परंपरा उसनी ठरवणे मला पटत नाही, कारण पलटण कोणी उभी केली यापेक्षा तिच्यात कोण भरती झाले याला अधिक वजन आहे. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी उपासमार सोसत होत्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांचे असंख्य जवान तुर्कांच्या कैदेत गेले. ती माणसे कोकणातली आणि देशावरची होती. रणगर्जनेचे म्हणाल तर ९ एप्रिल १९४५ चा इटलीतील सेनिओ नदीचा प्रसंग पाहावा. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले, हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून हातबाँबवर भिस्त ठेवली, मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि मग बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. एवढ्या गोळीबारात जी गर्जना आपोआप तोंडी येते ती उसनी कशी म्हणावी?

४ फेब्रुवारी हा १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केल्याचा दिवस. तो रेजिमेंटने निवडून घेतला आहे, आणि निवड चांगलीच आहे.

उत्तर ३ (दप्तरखाना):
‘उसनी’ हा शब्द माझा नव्हे, आपला आहे! माझा आग्रह तारखांपुरता होता. मूळ प्रश्नकर्त्यांसाठी एक गोष्ट अधिक सांगतो: पणजोबांची बटालियन कोणती, हे आधी कागदावर तपासा. ती ३/५, म्हणजे ५ मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन असेल, तर १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने तुटून पडलेले आणि मॅगझिन बदलण्यास वेळ न उरल्याने बंदुकीच्या दस्त्याने शेवटचे दोन शत्रू मारणारे नायक यशवंत घाडगे त्यांच्याच पलटणीतले होते. ही बटालियन स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा या नावाने बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे हवाई छत्र्यांनी उतरली. तेव्हा तिचा पुढचा इतिहास मराठा नव्हे, पॅराशूट रेजिमेंटच्या नोंदींत शोधावा लागेल.