पुरानंतरचं कौन्सिलिंग खरंच उपयोगी पडतं का?

४३फूट:
मंडळी खरं काय ते सांगा. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात आमच्यात माळ्याला पाणी लागलेलं. आण्णांनी स्वतःच्या हातानं म्हशींची दावी कापली आन् मग होडीत बसले, दोन परत आल्या, एक न्हाई. नंतर शाळेच्या हॉलात कौन्सिलिंगवाले आलेले, सगळ्यांना गोल बसवलं, म्हणे मनातलं बोलून मोकळं व्हा, तासाभरात चहा-बिस्किट आणि गाडी गेली ती गेलीच. आण्णा त्या रात्री जेवले न्हाईत. आता जुलै लागला की रात्री दोनला उठून मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची लेव्हल बघतात, पत्र्यावर पाऊस वाजला की गोठ्यात जाऊन दावं चाचपून येतात. बहीण म्हणत्या कौन्सिलरकडं नेऊया. नेऊ का, की परत तेच गोल बसवणार?

रांगडा_गडी:
भावा, पंचनाम्याचं पैसं वेळेत मिळालं असतं तर निम्मं टेन्शन तिथंच उतरलं असतं. बोलून म्हैस परत येत्या व्हय?

ओपीडीवाली:
४३फूट, तुमच्यात जे झालं त्याला डीब्रीफिंग म्हणतात. घटना झाली की लगेच, एकदाच बसवून सगळं वदवून घ्यायचं. ८० च्या दशकात अमेरिकेत फायरब्रिगेड, ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी काढलेलं, मग सरसकट सगळ्यांना लावलं. ब्रिटनमध्ये भाजलेल्या पेशंटवर तपासलं (१९९७) तर १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांत २६ टक्के लोकांना पीटीएसडी (धक्क्यानंतर मनात रुतून बसणारा त्रास), न झालेल्यांत ९ टक्के. डीब्रीफिंगच्या गटात जास्त भाजलेले होते हे पण खरं, पण फायदा काही दिसला नाही तो नाहीच. म्हणून आता सुरुवातीला जेवण, अंथरूण, घरच्यांचा ठावठिकाणा बघा आणि माणूस आपणहून बोलला तर ऐका, एवढंच सांगतात. बरेच जण त्यातच सावरतात. महिना उलटून गेला तरी झोप लागेना, तेच तेच डोळ्यासमोर यायलंय, तर मग ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायची बोलून करायची ट्रीटमेंट) किंवा ईएमडीआर (ती आठवण मनात धरून डोळे इकडंतिकडं फिरवायला लावतात ती), एकेकट्याला, साधारण ८ ते १२ सिटिंग. त्याचा गुण येतो हे नीट तपासलेलं आहे. आणि रांगडा, पैशाचं म्हणताय ते बरोबरच आहे, पण पैसे मिळालेले पण रात्रीचे उठतातच की.

तावडे_हॉटेल_स्टॉप:
माझं सांगतो. हायवेला ट्रकखाली जाता जाता वाचलो, नंतर नुसता एअरब्रेकचा फुस्स आवाज आला तरी हातपाय गार. पहिल्या दोन सिटिंगला बाईंनी फक्त झोप आणि जेवण विचारलं, म्हटलं ह्याचे पैसे घेत्यात व्हय. चौथ्याला तो दिवस बारीकसारीक सांगायला लावला, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं, लय वैताग, सोडणारच होतो. अकरा झाली. आता ट्रकच्या मागनं गाडी नेतो, पावसात मात्र अजून नको वाटतं.

४३फूट:
विचारलं आण्णांना. म्हणाले त्या गोलात ज्याच्याशी बांधावरनं भांडण तोच शेजारी बसलेला, त्याच्यापुढं काय रडू. एकट्याला बसवत असतील तर येतो, पण धार काढून झाल्यावर. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) मानसोपचारची ओपीडी कुठल्या वारी असते, कुणाला माहिती?