डायलिसिस पेशंटचं ईपीओ 'नॉर्मल' आलं, मग इंजेक्शन कशाला?

डायलिसिस_टेक_दादर
पुरुष पेशंट, वय 56, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) 60 किलो, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ईपीओ (एरिथ्रोपोएटिन, लाल पेशी बनवायला लावणारं किडनीचं हार्मोन) 4000 युनिट आठवड्यातून दोनदा, दोन महिने चालू, तरी एचबी (हिमोग्लोबिन) 8.1 वरच अडकलंय. आयर्न 30, टीआयबीसी (रक्ताची लोह धरून ठेवण्याची क्षमता) 200, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) 420. घरच्यांनी बाहेरून सीरम एरिथ्रोपोएटिन करून आणलं, ते 15 आलं. लॅबची रेंज 4 ते 24. ते म्हणतात, लेव्हल नॉर्मल आहे तर इंजेक्शन बंद करा. लॅबने आता एफजीएफ-23 (फॉस्फरसशी संबंधित हार्मोन) आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) या टेस्टसुद्धा सुचवल्यात. त्यांना काय समजावू?

नेफ्रो_मुलुंड
इंजेक्शन बंद करू देऊ नका. 4 ते 24 ही रेंज चांगलं एचबी असलेल्या माणसाची. किडनी धड असती तर 8 एचबीला ईपीओ शंभराच्या आसपास किंवा त्याहून वर गेलं असतं. इथे 15 म्हणजे गरजेच्या मानाने फारच कमी. शिवाय सॅम्पल कधी घेतलं? टेस्टला शरीराचं ईपीओ आणि सिरिंजमधलं ईपीओ वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे इंजेक्शन चालू असताना या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

खरी गोची आयर्नमध्ये आहे. 30 भागिले 200, म्हणजे सॅच्युरेशन (त्या क्षमतेपैकी लोहाने भरलेला भाग) 15 टक्के. फेरिटिन 420 बघून 'साठा भरपूर आहे' असं वाटतं, पण शरीरात दाह (इन्फ्लमेशन) किंवा इन्फेक्शन असलं तरी फेरिटिन चढतं. तेव्हा हेप्सिडिन (लोह अडवून ठेवणारं हार्मोन) वाढलं की लोह साठ्यातच अडकून पडतं, मॅरोपर्यंत (लाल पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेपर्यंत) पोहोचत नाही. केडिगोच्या (किडनीच्या आजारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) 2012 च्या गाइडलाइननुसार सॅच्युरेशन 30 पर्यंत आणि फेरिटिन 500 पर्यंत असेल तर शिरेतून आयर्न देऊन बघता येतं. त्याआधी सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करा, कॅथेटर असेल तर एक्झिट साइट (ते त्वचेतून बाहेर येतं ती जागा) नीट तपासा. ॲक्टिव्ह इन्फेक्शन असताना शिरेतून आयर्न नको.

इन्फेक्शन नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर आयर्न सुक्रोज 100 मिलिग्रॅम, 100 मिली नॉर्मल सलाइनमध्ये (डेक्स्ट्रोजमध्ये नाही), अर्ध्या तासात, असे दहा डायलिसिस. पुन्हा आयर्न स्टडीज शेवटच्या डोसनंतर किमान आठवडा थांबून.

पॅथ_लॅब_परळ
लॅबने सुचवलेल्या जादा टेस्टबद्दल. व्हीईजीएफ प्लेटलेट्समध्ये भरलेलं असतं. रक्त गोठताना ते बाहेर पडतं, म्हणून सीरममध्ये आकडा फुगतो. मोजायचंच तर प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव भाग) हवा, आणि तोही लवकर सेंट्रिफ्यूज केलेला.

एफजीएफ-23 फॉस्फरस चढण्याच्या बऱ्याच आधीपासून वाढतं आणि डायलिसिसपर्यंत प्रचंड वाढलेलं असतं. हृदयाचा डावा कप्पा जाड होण्याशी त्याचा संबंध आहे, अभ्यासासाठी ते फार मोलाचं. पण त्या आकड्यावरून या पेशंटचं एकही औषध बदलणार नाही. तेवढ्या पैशात फॉस्फरस, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), बी-12 आणि रेटिक काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी) करून घ्या.

रीनल_नर्स_ठाणे
ईपीओची सिरिंज घरून येते का, तेही विचारा. 2 ते 8 डिग्री हवं. आइसपॅकला थेट चिकटून गोठली की ती फेकायचीच, म्हणून मध्ये नॅपकिन ठेवायचा. हलवायचीही नाही. भर उन्हात लोकलने तासभर नुसत्या पिशवीतून आणलेल्या सिरिंजचा भरवसा धरता येत नाही.

डायलिसिस_टेक_दादर
आयर्न होईपर्यंत ईपीओ वाढवायचं का?

नेफ्रो_मुलुंड
लगेच नाही. आधी आयर्न, आणि जमलं तर आठवड्याला तिसरं डायलिसिस. अपुऱ्या डायलिसिसनेही ईपीओ लागू पडत नाही. लोह नसताना नुसता डोस चढवला तर बीपी वाढतं, गुठळ्यांचा धोका वाढतो, एचबी मात्र तिथेच. चार आठवड्यांत एचबी 1 ते 2 ने वाढलं की पुरे. 11.5 च्या वर ठेवायचं नाही. आयर्न भरूनही एचबी घसरत राहिलं आणि रेटिक जवळपास शून्यावर आलं, तर ईपीओविरुद्ध अँटिबॉडीचा संशय घ्या. तसं दिसलं तर मात्र इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्त चढवणं शक्यतो टाळा, त्यातून तयार होणाऱ्या अँटिबॉडी पुढे ट्रान्सप्लांटला आडव्या येतात.